मामांचे पत्त्यांचे कॅट: फोटो कसे काढायचे, वय कसं ओळखायचं, सील फोडायचं का

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं, की मामांनी जमवलेले साठ-सत्तर पत्त्यांचे कॅट तुमच्याकडे आलेत, काही वापरलेले, काही सीलबंद, एक निळा, बायसिकल या अमेरिकन ब्रँडचा कॅट तर डब्यावर जुनं टॅक्सचं तिकीट असलेला. तुम्हाला फोटोंसकट यादी करायचीय, पण फोटोत पत्ते चकाकतात, सोनेरी छपाईचे डबे काळे येतात, कुठला कॅट किती जुना ते कळत नाही आणि सीलबंद आहेत ते उघडावेत का हेही ठरत नाहीये. मी हे जमवण्याचं आणि फोटो काढण्याचं काम वीसेक वर्षं करतोय, त्यामुळे जरा लांब लिहितो, एवढे प्रश्न चार ओळीत बसणार नाहीत.

पहिली गोष्ट, अजून काही हलवू नका. डबे पुसू नका, रंगाप्रमाणे लावू नका, आणि कुठलाही कॅट पिसू नका. जसं आलंय तसं, पेटीत जसं ठेवलेलं होतं तसं, आधी मोबाईलवर का होईना फोटो काढून घ्या. सुरुवातीला माझ्या हातून एक चूक झाली होती, तीन सारखे दिसणारे निळ्या पाठीचे कॅट एकाच वेळी उघडून टेबलावर ठेवले आणि परत भरताना डबे बदलले गेले. पत्ते एका काळातले, डबा दुसऱ्या काळातला. ते परत जुळवायला एकेका एक्क्यावरचा कोड वाचत दोन रात्री गेल्या. तेव्हापासून नियम एकच, टेबलावर एका वेळी एकच कॅट.

पत्त्यांच्या क्रमालाही जपा. अमेरिकन कारखान्यातून आलेला बायसिकलसारखा कॅट उघडला की जाहिरातीची पानं आणि जोकर सोडले तर इस्पिक एक्का ते राजा, मग चौकट एक्का ते राजा, मग किलवर उलटा म्हणजे राजा ते एक्का, आणि शेवटी बदाम राजा ते एक्का असा लागलेला असतो. उघडलेला कॅट या क्रमात सापडला तर बहुतेक तो एकदाही पिसलेला नाही, उघडून बघून परत ठेवलेला आहे. ही माहिती तुम्ही एकदा पिसलात की कायमची गेली. म्हणून वापरलेल्या कॅटचाही पहिला फोटो म्हणजे सगळा गठ्ठा टेबलावर सरळ ओळीत पसरून, पिसण्याआधी.

आता कॅट म्हणजे काय यावर थोडं, कारण नवीन माणूस बावन्न पानं मोजतो आणि बाकीचं फेकून देतो. जमवणाऱ्याच्या लेखी कॅट म्हणजे डबा, डब्याच्या झाकणावरचं सील, असेल तर टॅक्सचं तिकीट, बाहेरचा सेलोफेन, बावन्न पानं, जोकर, आणि ती जाहिरातीची किंवा नियमांची जास्तीची पानं. आजच्या बायसिकलमध्ये साधारण छप्पन पानं असतात, बावन्न अधिक दोन जोकर अधिक दोन जास्तीची. ही जास्तीची पानं लोक टाकून देतात म्हणूनच जुन्या कॅटांमध्ये ती दुर्मिळ, आणि कंपनीचा पत्ता, त्या वेळचे इतर ब्रँड असं जे वय सांगणारं असतं ते नेमकं त्यांच्यावर छापलेलं असतं.

वय ओळखायचं तर सगळ्यात बोलका पत्ता इस्पिक एक्का. तो इतका नटलेला का असतो याचं कारण टॅक्स आहे. इंग्लंडमध्ये पत्त्यांवर कर होता आणि तो भरल्याची खूण इस्पिक एक्क्यावर यायची, १७६५ पासून तर तो एक्का सरकारी स्टॅम्प ऑफिसच छापायचं आणि कारखानदाराने तो तिथून घ्यायचा. खोटा एक्का छापणं म्हणजे सरकारी तिकीट खोटं छापण्यासारखंच, आणि १८०५ मध्ये रिचर्ड हार्डिंग नावाच्या माणसाला याच गुन्ह्यासाठी फाशी झाली. १८२८ चा एक्का तर इतका नक्षीदार होता की त्याला ओल्ड फ्रिझल असं टोपणनाव पडलं. १८६२ मध्ये कर कमी झाला आणि कारखानदारांना स्वतःचा एक्का छापायची मोकळीक मिळाली, पण नक्षीची सवय राहिली आणि तिथे कंपनीचं नाव आलं. म्हणून आजही कुठलाही कॅट हातात आला की मी आधी इस्पिक एक्का काढतो, मग जोकर, मग पाठ.

अमेरिकन कॅटांना दुसरी सोय आहे, टॅक्सचं तिकीट. तिथे पत्त्यांवर केंद्रीय कर १८६२ ते १८८३ आणि परत १८९४ ते १९६५ असा होता, त्यामुळे डब्यावर या केंद्रीय कराचं अस्सल तिकीट असेल तर कॅट १९६५ च्या पुढचा नाही एवढं तरी नक्की, आणि तिकिटावर कंपनीची आद्याक्षरं किंवा तारीख उमटवलेली असेल तर अजून जवळ जाता येतं. युनायटेड स्टेट्स प्लेइंग कार्ड कंपनीच्या, म्हणजे बायसिकलवाल्यांच्या, जुन्या कॅटांत इस्पिक एक्क्यावर एक अक्षर आणि चार आकडे असा कोड असतो, त्यातलं अक्षर वर्ष सांगतं. अडचण एवढीच की तीच अक्षरं काही वर्षांनी परत येतात, म्हणून नुसत्या अक्षरावर वर्ष ठरवू नका, तिकीट, डबा आणि त्यावर छापलेला कंपनीचा पत्ता यांच्याशी ताळा करा. कंपनी आधी सिनसिनाटीत होती आणि २००९ मध्ये केंटकीतल्या अर्लँगरला गेली, म्हणजे डब्यावर अर्लँगर दिसलं तर तो कॅट जुना असूच शकत नाही, कोणी कितीही जुना म्हणून सांगू दे. बायसिकल हे नाव १८८५ चं आहे, पाठीवर सायकलवर बसलेले देवदूत असलेलं ते रायडर बॅक डिझाईन १८८७ चं, आणि ते अजून छापलं जातंय, त्यामुळे पाठ जुनी दिसते एवढ्यावरून काहीच ठरत नाही हे लक्षात ठेवा. २०१९ मध्ये ही कंपनी बेल्जियमच्या कार्टामुंडीने घेतली.

तिकीट नाही, कोड नाही, तर मग पत्त्याचं अंगच बघायचं. कोपऱ्यात आकडा आणि चिन्ह नाही, कोपरे गोल न करता सरळ कापलेले आहेत, राजा-राणी अर्धे-अर्धे दोन बाजूंनी न दिसता पूर्ण उभे आहेत, पाठ कोरी आहे, ही सगळी जुनेपणाची लक्षणं. कोपऱ्यातले आकडे आणि गोल कोपरे साधारण १८७० नंतर रुळले. जोकर तर १८६० च्या दशकात अमेरिकेत युकर खेळासाठी आला, त्यामुळे त्याआधीच्या कॅटात जोकर नसणं म्हणजे कॅट अपुरा नव्हे. पण सावध राहा, जुन्या कॅटांच्या हुबेहूब नकला संग्राहकांसाठीच छापल्या जातात, त्या कंपन्या प्रामाणिकपणे डब्यावर तसं लिहितातही, पण डबा हरवला की पुढच्या माणसाला कळत नाही. कागद भिंगाखाली बघा, रंग ठिपक्या-ठिपक्यांचा बनलेला असेल तर ती आधुनिक छपाई.

अपुरा आहे का हे ठरवण्याआधी तो कॅट कुठल्या खेळाचा ते बघायला पाहिजे, इथे फार लोक फसतात. स्काट आणि पिकेट या खेळांचे कॅट सत्तीपासून एक्क्यापर्यंत बत्तीस पानांचे असतात. स्विस यास खेळाचा छत्तीस पानांचा, आणि त्यावर बदाम-किलवर नसून गुलाब, ढाल, ओक झाडाचं फळ आणि घंटा. पिनॉकलचा अठ्ठेचाळीस पानांचा, नश्शी ते एक्का प्रत्येक पान दोनदा. फाइव्ह हंड्रेडचा त्रेसष्ट पानांचा, त्यात अकरा आणि बारा आकड्यांची पानं आहेत आणि तांबड्या रंगात तेरासुद्धा, ते बघून लोकांना वाटतं छपाई चुकलीय. स्पॅनिश कॅट बहुतेक चाळीस पानांचा, सत्तीनंतर एकदम दहा आकड्याचा गुलाम, मधले आठ-नऊ गायब, ते हरवलेले नाहीत. स्पॅनिश पत्त्यांत मला अतिशय आवडणारी एक गोष्ट आहे, चित्राभोवतीच्या चौकटीच्या रेषेत वरखाली खंड असतात, नाण्यांना एकही नाही, पेल्यांना एक, तलवारींना दोन, सोट्यांना तीन, म्हणजे हातातला पत्ता पूर्ण न उघडता नुसत्या कडेवरून रंग ओळखता येतो. स्पॅनिश कॅटचा फोटो काढताना कडा कापू नका ते यासाठी. फ्रेंच कॅटात राजा-राणी-गुलामांची नावं छापलेली असतात, इस्पिक राजा दाविद, बदाम राजा शार्ल, चौकट राजा सेझार, किलवर राजा अलेक्झांद्र, ती दिसली की पॅरिसचा नमुना ओळखावा. आणि गोल, हाताने रंगवलेले पत्ते सापडले तर ती गंजिफा, दशावतारी असेल तर दहा रंग आणि एकशे वीस पानं, मुघल पद्धतीची असेल तर आठ रंग आणि शहाण्णव. ते हाताळताना बोटं कोरडी हवीत, पत्ता कडेला धरा, रंगावर अंगठा ठेवू नका.

सीलबंद उघडायचा का? यावर जमवणाऱ्यांत दोन तट आहेत आणि मी मधला नाही, मी उघडणाऱ्यांतला आहे, पण एका अटीवर. आजच्या काळात छापलेला, बाजारात अजून मिळणारा कॅट असेल तर उघडा, पत्ते बघण्यासाठी छापलेत, न बघता डबा सांभाळून काय मिळतं. पण तिकीट लावलेला जुना कॅट शाबूत असेल तर उघडू नका, कारण ते तिकीट डब्याच्या झाकणावरून चिकटवलेलं असतं आणि उघडताना ते फाटतंच, आणि अशी शाबूत तिकिटं वर्षागणिक कमी होत चाललीत. आत काय आहे ते त्याच डिझाईनचा दुसरा वापरलेला कॅट मिळवून बघा. जो उघडायचा आहे त्याचा सेलोफेन आधी सगळ्या बाजूंनी फोटोत घ्या, पट्टी ओढून काढा, आणि कागदी सील नखाने न फाडता पातळ ब्लेडने झाकणाच्या फटीतून सरळ कापा, म्हणजे झाकण बंद केल्यावर ते परत जुळलेलं दिसतं. अजून एक, फार जुना सेलोफेन हळूहळू आकसतो आणि डब्याला इतका आवळतो की डबा मध्ये वाकतो आणि आतले पत्तेही, तसं झालेलं दिसलं तर तिथे मात्र सेलोफेन कापून मोकळा केलेला बरा.

जेरीज नगेटचं उदाहरण सांगतो. लास व्हेगासजवळच्या त्या कॅसिनोने १९७० मध्ये स्वतःचे पत्ते छापून घेतले, आणि मग ते वर्षानुवर्षं तिथल्याच दुकानात पडून होते, अगदी किरकोळ भावात. जादूगारांना त्यांची पकड आवडली, ती गोष्ट पसरली, साठा संपला आणि मग ते इतके दुर्मिळ झाले की प्रत्येकाने आपला कॅट सीलबंदच ठेवायला सुरुवात केली, म्हणजे ज्या पकडीसाठी नाव झालं ती पकड कोणाच्याच हाताला लागेना. २०१९ मध्ये त्यांची नवी आवृत्ती निघाली. दुर्मिळ म्हणून कॅट घ्या, पण घेतलेल्यातला निदान एक तरी हातात खेळवा.

आता फोटो, तुमचा खरा प्रश्न.

पत्ता चकाकतो कारण त्यावर लेप असतो, आणि चकाकी म्हणजे दुसरं काही नाही, दिव्याचंच प्रतिबिंब. प्रकाश ज्या कोनात पत्त्यावर पडतो त्याच कोनात परततो, म्हणून कॅमेऱ्यावरचा फ्लॅश सगळ्यात वाईट, तो सरळ जाऊन सरळ परत लेन्समध्येच येतो. पत्ता टेबलावर आडवा ठेवा, कॅमेरा बरोबर वरून, आणि दोन दिवे दोन बाजूंनी साधारण पंचेचाळीस अंशांत, सारख्याच अंतरावर. दोन दिवे नसतील तर एका बाजूने खिडकी आणि समोरच्या बाजूने पांढरा पुठ्ठा उभा करा, तेवढ्यावर मी बरीच वर्षं काम चालवलंय. खिडकीतून थेट ऊन नको, ढगाळ उजेड सगळ्यात छान. खोलीतला वरचा दिवा बंद करा, नाहीतर एका फोटोत दोन रंगांचे उजेड मिसळतात आणि पांढरा पत्ता एकीकडे निळसर, दुसरीकडे पिवळा येतो, आणि ते नंतर कितीही डोकं लावलं तरी नीट निघत नाही. एवढं करूनही चकाकी राहिली तर दिव्यांपुढे पोलरायझर फिल्म, म्हणजे एकाच दिशेचा प्रकाश जाऊ देणारी गाळणी, आणि लेन्सवरही पोलरायझर, दोन्ही एकमेकांना आडवे, म्हणजे चकाकी जवळपास पूर्ण जाते आणि रंग गडद, स्वच्छ उतरतात.

पण, आणि तुमचे डबे काळे येतायत ते इथेच, सोनेरी छपाईवर ही युक्ती चालत नाही. सोनेरी वर्ख धातू आहे, धातूला स्वतःचा असा उजेडातला रंग फारसा नसतो, तो समोर जे असेल ते दाखवतो. तुम्ही डबा वरून टिपताय, दिवे बाजूला आहेत, त्यामुळे वर्खासमोर काय आहे तर अंधारी छत आणि काळा कॅमेरा. तो तेच दाखवतो. आडव्या पोलरायझरने तर वर्ख अजून काळा होतो, कारण त्याच्याकडून येणारं सगळंच प्रतिबिंब असतं आणि तुम्ही नेमकं प्रतिबिंबच गाळताय. स्कॅनरमध्येही सोनेरी भाग याच कारणाने चिखलासारखा येतो. उपाय म्हणजे वर्खाला बघायला काहीतरी पांढरं द्यायचं. डबा उभा करा किंवा मागून थोडा उचलून तिरका ठेवा, आणि त्याच्यासमोर वरच्या बाजूला मोठा पांढरा कागद असा धरा की लेन्समधून बघताना त्या कागदाचं प्रतिबिंब वर्खात दिसेल, दिवा त्या कागदावर मारा, डब्यावर नाही. कागद थोडा पुढेमागे करत गेलं की एका क्षणी सगळी नक्षी पेटल्यासारखी उजळते. कागदाचा एक टोकाकडचा भाग अंधारात ठेवला तर सोन्याला उजेडाकडून सावलीकडे जाणारी छटा मिळते आणि ते जास्त खरं सोनं दिसतं, एकसारखा पांढरा उजेड दिला तर पिवळा कागद वाटतो. रंगाची छपाई आणि वर्ख दोन्ही एका फोटोत जमत नसेल तर कॅमेरा न हलवता दोन फोटो काढा, एक शाईसाठी आणि एक वर्खासाठी, आणि नंतर जोडा. ट्रायपॉड हवाच.

काही डब्यांवर वर्ख नसतो पण उठावाची नक्षी असते. तिथे दोन दिवे सारखे लावले की उठाव सपाट होतो. एकच दिवा ठेवा आणि तो टेबलाला जवळजवळ टेकेल इतका खाली आणा, दहा-पंधरा अंश, म्हणजे प्रत्येक उठावाला स्वतःची सावली पडते. पत्त्याच्या पृष्ठभागावर बारीक खळग्यांची जाळी असते, ज्याला लिनन किंवा एअर कुशन फिनिश म्हणतात, तीसुद्धा अशाच उजेडात दिसते, आणि गुळगुळीत पत्ता कुठला, जाळीचा कुठला हे यादीत लिहायचं असेल तर हा फोटो एकच पुरावा.

पांढऱ्या कडेचे पत्ते पांढऱ्या कागदावर ठेवू नका, कड हरवते, आणि कड किती सारखी कापलीय हे जमवणारा आधी बघतो. मी मध्यम करडा कागद वापरतो, सगळ्या कॅटांना तोच, म्हणजे शंभर फोटो शेजारी ठेवले तरी एक कुटुंब वाटतं. कॅमेरा प्रत्येक गोष्ट करडी आहे असं समजून उजेड मोजतो, त्यामुळे पांढऱ्या पत्त्यांचा फोटो मळकट येतो, तिथे एक्स्पोजर अर्धा-एक स्टॉप वाढवा, आणि काळ्या कॅटांना उलट, कमी करा. व्हाईट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याचा रंगांचा समतोल, ऑटोवर ठेवू नका, तांबडी पाठ आली की कॅमेरा थंड करतो, निळी आली की उबदार, आणि मग तुम्हाला वाटतं हे दोन वेगळ्या छपाईचे आहेत. सत्राच्या सुरुवातीला ग्रे कार्डचा, म्हणजे ठरावीक करड्या रंगाच्या पुठ्ठ्याचा, एक फोटो घ्या आणि तोच बॅलन्स शेवटपर्यंत.

पत्ता आयताकृती आहे, आणि आयत वाकडा आला की डोळ्याला लगेच खुपतो. मोबाईलची वाइड लेन्स जवळ नेऊन काढलेल्या फोटोत पत्ता एकीकडे रुंद होतो, त्यापेक्षा दोनपटीची लेन्स लावून मागे सरका, कॅमेरा असेल तर पन्नास ते शंभर मिलिमीटरची लेन्स आणि अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ आठ. कॅमेरा टेबलाला समांतर आहे का हे तपासायची माझी सगळ्यात आवडती युक्ती म्हणजे छोटा सपाट आरसा. तो पत्त्याच्या जागी ठेवा, लेन्समधून बघा, लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मधोमध दिसलं की कॅमेरा समांतर, नसेल तर हलवा. लेव्हलच्या बुडबुड्यापेक्षा हे अचूक, कारण टेबल स्वतः तिरकं असलं तरी चालतं.

बारीक रेषांच्या पाठींवर, विशेषतः बी ब्रँडच्या त्या छोट्या चौकटींच्या पाठीवर, फोटोत लाटा-लाटा दिसतात. त्या पत्त्यावर नाहीत, पाठीवरच्या रेषांची जाळी आणि सेन्सरच्या ठिपक्यांची जाळी एकमेकींत अडकतात. फोटो पूर्ण मोठा करून बघा, तिथे लाटा नसतील तर त्या फक्त लहान करून दाखवताना येतायत, काळजी नाही. मोठा केल्यावरही असतील तर थोडं जवळ किंवा लांब जा, किंवा अॅपर्चर सोळापर्यंत बंद करा, त्याने चित्र किंचित मऊ होतं आणि लाटा जातात.

सपाट पत्त्यांना स्कॅनर चांगला. सहाशे डीपीआयला पोकर आकाराचा पत्ता, म्हणजे अडीच बाय साडेतीन इंच, १५०० बाय २१०० पिक्सेल येतो, ते छापायलाही पुरतं. ब्रिज आकार सव्वादोन इंच रुंद, उंची तीच. पातळ, मोबाईलसारखा चपटा स्कॅनर असेल तर डबा त्यावर ठेवू नका, काचेपासून थोडं जरी उचललं तरी धूसर येतं. दोन कागदांमध्ये काळा गोंद घालून चांगला पत्ता बनतो म्हणून त्यातून मागचं दिसत नाही, पण स्वस्त किंवा जुन्या पत्त्यांत दिसतं, तिथे मागे काळा कागद ठेवा.

प्रत्येक कॅटचे मी एवढे फोटो काढतो: डब्याच्या सहाही बाजू, सील किंवा तिकीट जवळून, पाठ, इस्पिक एक्का, जोकर दोन्ही, सगळी चित्रं एका फोटोत, जास्तीची पानं, आणि कडेने गठ्ठा. कडेचा फोटो लोक विसरतात, पण वापर किती झालाय ते कडेवरच दिसतं, मळ मधोमध बसतो. एका फोटोत पट्टी ठेवा, नुसत्या फोटोवरून पोकर की ब्रिज कळत नाही. हौसेचे फोटो म्हणजे पंखा, हवेत उडणारे पत्ते, हे वेगळ्या दिवशी, वेगळ्या कॅटने, कारण पंखा सुरेख उघडायला नवा पत्ता लागतो आणि तेलकट बोटांनी तो लगेच जुना होतो. हवेतल्या पत्त्यांना शटर हजारांश सेकंद किंवा कमी ठेवा.

नंबर डब्यावर लिहू नका, चिकटपट्टी तर अजिबात नको, गोंद वर्षांनी पिवळा डाग सोडतो. कागदाची चिठ्ठी, पेन्सिलने नंबर, डब्याच्या बाहेर पिशवीत. तोच नंबर फोटोच्या फाईलचं नाव. रबर बँड काढून टाका आजच, जुनं रबर पत्त्याला चिकटतं आणि कडेला खाच पाडतं, माझ्या एका जुन्या फ्रेंच कॅटच्या पहिल्या आणि शेवटच्या पानावर अशी खाच आहे, मी घेतला तेव्हाच होती, ती आता जाणार नाही. पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या किंवा पॉलिएस्टरच्या, पीव्हीसी नको. आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या आसपास स्थिर, कारण पत्त्याची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त ओलावा पिते आणि पत्ता वाटीसारखा वाकतो. वाकलेला कॅट इस्त्री करू नका, कोरड्या जागी सपाट वजनाखाली काही दिवस ठेवा, बहुतेक वेळा येतो जागेवर. शोकेस खिडकीपासून लांब, तांबडा रंग उन्हात सगळ्यात आधी उडतो.

जुने पत्ते खरेखुरे बघायचे असतील, फोटो कसा असावा हे समजायलाही, तर मोठ्या संग्रहालयांनी आपले पत्ते टिपलेत ते बघा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमकडे क्लॉइस्टर्सचा कॅट आहे, साधारण १४७५ ते १४८० चा, बावन्न पानं सगळी शाबूत, लंबगोल, आणि रंग म्हणजे बदाम-इस्पिक नव्हे तर शिकारीची साधनं, गळपट्टे, दोरांचे फास, शिंगं. पंधराव्या शतकातला हाताने रंगवलेला साधा खेळाचा कॅट पूर्ण असा तेवढा एकच माहीत आहे. स्पेनमधल्या विटोरियातलं फोर्नियर संग्रहालय, जर्मनीत आल्टेनबुर्ग, बेल्जियममध्ये टर्नहाउट, ही खास पत्त्यांची संग्रहालयं. लंडनच्या पत्ते बनवणाऱ्यांच्या संघाला १६२८ मध्ये सनद मिळाली आणि ते १८८२ पासून दरवर्षी एक खास कॅट छापतात, एकाच वस्तूची इतकी लांब मालिका जमवायला दुसरीकडे क्वचितच मिळेल. आणि अभ्यास करायचा असेल तर १९७२ पासून चालू असलेली इंटरनॅशनल प्लेइंग-कार्ड सोसायटी आहे, तिथले लोक नमुन्यांबद्दल फार खोलात जाऊन लिहितात.

सगळे साठ-सत्तर एकदम करायला जाऊ नका, दिवसाला तीन-चार पुरे, नाहीतर पंधराव्या कॅटनंतर डोळा थकतो आणि सीलचा फोटो राहतो, तो नेमका राहतोच. तुमच्या त्या तिकीटवाल्या निळ्या बायसिकलपासून सुरू करा. तो शाबूत असेल तर उघडू नका, तिकीट वरून आणि तिरक्या उजेडात असे दोन वेळा टिपा, त्यावरची अक्षरं वाचता येतील इतक्या जवळून. आधीच उघडलेला असेल तर इस्पिक एक्का काढा आणि त्यावरचं अक्षर आणि चार आकडे स्पष्ट येतील असा फोटो घ्या. तिकीट आणि अक्षर दोन्ही सांगा, म्हणजे मी वर्ष कळवतो.